सहयोगी प्राध्यापिकेची बढती आणि वेतनवाढ: शिफारस कशाच्या आधारावर करावी?

विभागप्रमुख, पश्चिम उपनगर

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचे काम पाहतो. आमच्या विभागातील एका सहयोगी प्राध्यापिकेने प्राध्यापकपदावरील बढतीसाठी अर्ज केला असून त्यासोबत वेगळ्या पत्राने वेतनवाढही मागितली आहे. प्रकरण विद्यापीठाच्या निवड समितीपुढे जाण्याआधी विभागातील तिघांच्या समितीने लेखी अभिप्राय द्यायचा असतो, आणि तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अडचण मात्र जशी आहे तशीच मांडतो.

आमचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांवर बेतलेले आहेत. सहयोगी प्राध्यापकाच्या वेतनस्तरावर (स्तर १३अ) तीन वर्षांची सेवा, पीएच.डी., एकूण किमान दहा प्रकाशने व त्यांपैकी तीन मूल्यनिर्धारणाच्या कालावधीतली, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन आणि किमान ११० संशोधन गुण, अशा त्या अटी आहेत. बाईंचे एकूण चौदा शोधनिबंध आहेत. त्यांतले चार त्यांनी एकटीने लिहिलेले, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या दराने प्रत्येकी दहाप्रमाणे चाळीस गुण. तीन निबंध दोघांचे मिळून आहेत, त्यांचे प्रत्येकी सात. उरलेल्या सात निबंधांवर पाच-सहा जणांची नावे आहेत आणि बाई त्यांत ना पहिल्या लेखिका आहेत ना पत्रव्यवहाराच्या (निबंधाबाबत नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या), त्यामुळे तिथे प्रत्येकी तीनच. बेरीज ८२ होते. त्यांच्या हाताखाली दोघांना पीएच.डी. मिळाली, त्याचे वीस. एक प्रबंध सादर झाला आहे, त्याचे पाच. राष्ट्रीय परिषदांतली तीन निमंत्रित व्याख्याने, त्यांचे नऊ. सगळे मिळून ११६. नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार (त्यातले निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्या आकड्यानुसार) मिळणारी वाढ यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा वर जाईल, खाली येणार नाही.

कागदावर प्रश्न उरत नाही, तरी समितीत एकमत होत नाही. एक सदस्य म्हणतात की ११६ झाले, विषय संपला, आपण सही करून मोकळे व्हावे. दुसऱ्यांचा आक्षेप असा की गेल्या तीन वर्षांतले चारही निबंध अनेक लेखकांच्या त्या गटातले आहेत, आणि प्राध्यापक म्हणवून घेणाऱ्याच्या कामात स्वतःचा असा विचार दिसला पाहिजे. त्यातच विद्यार्थ्यांच्या प्रतिसादात बाईंची सरासरी विभागात सर्वांत कमी आहे. त्या प्रथम वर्षाला संख्याशास्त्र शिकवतात. विषय सक्तीचा, तास सकाळी साडेसातचा, आणि वर्गातली निम्मी मुले गणिताला घाबरूनच कला शाखेकडे आलेली, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नवी मुंबईतल्या एका संस्थेने त्यांना अधिक पगाराचे पत्र दिले आहे आणि ते त्यांनी अर्जाला जोडले आहे. व्यवस्थापनाकडून मला तोंडी एवढेच विचारले गेले की त्यांना जाऊ देणे आपल्याला परवडेल का. या प्रश्नाचे उत्तर शैक्षणिक अभिप्रायात द्यावे की नाही, हेच मला कळत नाही. ज्यांनी अशा फायली हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की आपण काय पाहिले असते आणि कशाला किती वजन दिले असते.

निवृत्त प्राचार्य

सर, आपल्या पहिल्या सदस्यांचे अर्धे बरोबर आहे. ११० ही पात्रतेची रेषा आहे आणि बाई ती ओलांडून गेल्या आहेत, तेव्हा पात्रतेबद्दल पुन्हा वाद घालण्याचे कारण नाही. परंतु लोकलचा पास खिशात असला म्हणून बसायला जागा मिळतेच असे नाही. पात्र ठरलेली व्यक्ती त्या पदाला योग्य आहे का, हे वेगळे पाहावे लागते आणि त्यासाठीच समिती बसते. फक्त बेरीज तपासायची असती तर कार्यालयातल्या लिपिकानेही ती केली असती, आणि बहुधा आपल्यापेक्षा बिनचूक.

विनियमांतले तक्ते नेमके काय मोजतात ते एकदा नीट पाहावे. अध्यापनाचा निकष म्हणजे नेमून दिलेल्या तासांपैकी प्रत्यक्ष घेतलेल्या तासांची टक्केवारी: ८० किंवा त्याहून अधिक असेल तर चांगले, ७० ते ८० च्या मध्ये असेल तर समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास झाला की नाही एवढेच त्यातून कळते. तासाला काय झाले ते कळत नाही. संशोधनाच्या तक्त्याचेही तसेच आहे. दोघांहून अधिक लेखक असलेल्या निबंधात पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के, हा हिशेब कामाच्या वाट्याकडे पाहतच नाही. एखाद्या सर्वेक्षणाचा नमुना ज्याने आखला, प्रश्नावली ज्याने बांधली आणि आकडेमोड ज्याने तपासली त्याला तीन गुण, आणि प्रकल्पाला आपल्या विभागाची खोली वापरू दिली म्हणून ज्याचे नाव घातले त्यालाही तीनच गुण. म्हणून नाव मधोमध आहे एवढ्यावरून बाईंचे काम कमी ठरत नाही आणि जास्तही ठरत नाही. आपल्या दुसऱ्या सदस्यांनी ते चार निबंध वाचले आहेत का, एवढे त्यांना विचारून पाहावे. माझ्या अनुभवात आक्षेप घेणाऱ्याने निबंध वाचलेला असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

मी काय केले असते ते सांगतो. बाईंना त्यांच्या सर्व कामांतून तीन निबंध स्वतः निवडायला सांगितले असते आणि त्यांपैकी निदान एक गेल्या तीन वर्षांतला असावा अशी विनंती केली असती. प्रत्येकासोबत अर्ध्या पानाचे टिपण मागितले असते: यात माझा वाटा कोणता, हा निबंध नसता तर या विषयात काय राहून गेले असते. मग ते निबंध तिघांनी खरोखर वाचायचे आणि आपापले मत एकमेकांशी बोलण्याआधी लिहून काढायचे. बोलून मग लिहिले की ज्येष्ठ सदस्याचे मत तिघांचे होते. निवड समितीत पुढे बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ असतील, त्यांच्यासाठीही हा गठ्ठा उपयोगी पडेल. त्यांना मात्र 'आपले मत कळवावे' असे मोघम पत्र पाठवण्याची शिफारस करू नये, कारण मोघम प्रश्नाला 'उमेदवाराचे कार्य प्रशंसनीय आहे' याखेरीज उत्तर येत नाही. या निबंधातील नमुना निवडीची पद्धत आपल्याला पटते का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, असे नेमके विचारावे.

नियतकालिकांची तपासणी मात्र कंटाळा न करता करावी. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली होती. त्यानंतर जून २०१९ पासून 'केअर' ही मान्य नियतकालिकांची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिक पारखण्याचे काम संस्थांवर सोपवण्यात आले. त्यामुळे निबंध ज्या दिवशी प्रसिद्ध झाला त्या दिवशी कोणता नियम लागू होता हे पाहावे. आज यादीत नाही म्हणून जुना निबंध बाद करणे अन्यायाचे होईल, आणि त्या वेळी यादीत होते म्हणून डोळे मिटून घेणेही बरे नव्हे. अंक उघडून संपादक मंडळ कोण आहे, निबंध पाठवल्याची व स्वीकारल्याची तारीख छापली आहे का, एका अंकात किती विषयांची सरमिसळ आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. एकाच अंकात मृदाशास्त्र, संत साहित्य आणि विपणन व्यवस्थापन एकत्र नांदत असेल तर पुढे वाचायची गरज नसते.

अध्यापनासाठी मी विद्यार्थ्यांच्या सरासरीऐवजी गेल्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवीन. शिक्षक काय शिकवतो हे प्रश्नपत्रिकेइतके दुसरीकडे कुठेच उघडे पडत नाही. वर्षानुवर्षे तेच पाच प्रश्न क्रम बदलून येत असतील तर तेही दिसते, आणि विद्यार्थ्याला विचार करायला लावणारा एखादा प्रश्न असेल तर तोही. सोबत तपासलेल्या दहा-बारा उत्तरपत्रिका पाहाव्यात. चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारली आहे की गाडी कुठे घसरली ते समासात लिहिले आहे, यावरून शिकवण्याची वृत्ती कळते.

शेवटी परीक्षेच्या व कार्यालयीन कामाबद्दल. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने लागू केली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेरीस कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवसांत जे शिक्षक तपासणी केंद्रांवर बसून विद्यार्थ्यांचे वर्ष वाचवत होते त्यांना संशोधनाच्या तक्त्यात त्यासाठी शून्य गुण होते. बाईंनी विभागासाठी असे काही काम केले असेल तर ते अभिप्रायात नावानिशी लिहावे; 'विविध उपक्रमांत सक्रिय सहभाग' या वाक्याने कोणाचेही भले होत नाही.

कंत्राटी ते कायम

प्राचार्य सरांचा अनुभव मोठा आहे, तरीही त्यांच्या उत्तरातला एक भाग मला धोकादायक वाटतो. अर्ज आल्यानंतर समितीने नवी कसोटी काढायची, उमेदवाराकडून नवी टिपणे मागवायची आणि मग 'स्वतःचा विचार' दिसला नाही म्हणून मागे ठेवायचे, हे कितीही सद्हेतूने केले तरी नियमाला सोडून आहे. 'स्वतःचा विचार' ही अट विनियमांत कुठल्या कलमात आहे? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सरकारी भरतीच्या संदर्भात हेच सांगितले की एकदा प्रक्रिया सुरू झाली की, मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. तो निकाल खासगी विद्यापीठातल्या बढतीला जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणत नाही. परंतु त्यामागचा न्याय कोणालाही समजण्यासारखा आहे.

आपण विभागप्रमुख आहात, तेव्हा एक सोपी गोष्ट करावी. याआधी आपल्या विभागात ज्यांना प्राध्यापकपदाची बढती मिळाली त्यांच्या फायली काढून पाहाव्यात. त्यांनाही तीन निबंध निवडायला सांगितले होते का? त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांत एकट्याने लिहिलेला निबंध होता का? नसेल, तर ही कसोटी फक्त याच बाईंसाठी का, याचे उत्तर आपल्याकडे तयार असले पाहिजे. मी पुष्कळ वर्षे तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवले आहे, आणि एक गोष्ट सतत पाहिली आहे: ज्याला द्यायचे असते त्याच्यासाठी गुण पुरेसे असतात, आणि ज्याला द्यायचे नसते त्याच्यासाठी 'गुणवत्ता' आठवते.

कार्यभाराचाही विचार व्हावा. विनियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाने आठवड्याला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. खासगी संस्थांत त्यावर प्रवेशप्रक्रिया, मूल्यांकन समितीची कागदपत्रे, पालकांच्या भेटी आणि सुट्टीवर गेलेल्याचे तास येऊन पडतात. हे सांभाळून दोन विद्यार्थ्यांची पीएच.डी. पूर्ण करून घेतलेल्या व्यक्तीला एकट्याने निबंध का लिहिला नाहीस असे विचारणे सोपे आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाबद्दल मात्र प्राचार्य सरांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात भर घालतो. टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठातील शिक्षक संघटना आणि प्रशासन यांच्यातील वादात २०१८ मध्ये लवादाने असा निर्णय दिला की विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाचे आकडे अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यासाठी बढतीच्या वा कायम करण्याच्या निर्णयात वापरता येणार नाहीत. शिक्षक वेळेवर येतो का, त्याचे बोलणे ऐकू येते का, उत्तरपत्रिका परत मिळतात का, हे विद्यार्थी खात्रीने सांगू शकतो. शिक्षकाला विषय किती येतो हे तो सांगू शकत नाही, आणि सक्तीचा अवघड विषय, शिक्षिकेचे लिंग, इंग्रजीचा लहेजा या सगळ्याची छाया त्या सरासरीवर पडते. आपल्या बाई मराठी माध्यमातून शिकलेल्या असतील तर दक्षिण मुंबईच्या शाळांतून आलेल्या मुलांनी त्यांना किती गुण दिले असतील, हे मी इथे बसूनही सांगू शकतो. सरासरी बाजूला ठेवावी आणि मुलांनी मोकळ्या जागेत काय लिहिले आहे ते वाचावे. त्यातही किती जणांनी प्रतिसाद भरला होता ते आधी पाहावे.

लेखाशाखा

वरील दोघांनी बढतीबद्दल लिहिले आहे; वेतनवाढीच्या पत्राकडे कोणी पाहिले नाही. मी एका शैक्षणिक संस्थेच्या लेखा विभागात काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

बढती मिळाली की पैसाही भरपूर वाढतो, हा गैरसमज शिक्षकांत आणि व्यवस्थापनात सारखाच आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात स्तर १३अ ची सुरुवात १,३१,४०० रुपयांपासून होते आणि प्राध्यापकाच्या स्तर १४ ची १,४४,२०० पासून. आता समजा बाईंचे मूळ वेतन वार्षिक वाढी मिळून १,४३,६०० झाले आहे. बढतीच्या वेळी आधी चालू स्तरातली एक वाढ द्यायची, म्हणजे १,४७,९००, आणि मग स्तर १४ मध्ये तेवढा किंवा त्याच्या लगतचा वरचा आकडा शोधायचा. तो निघतो १,४८,५००. म्हणजे मूळ वेतनात ४,९०० रुपयांची भर, आणि त्यातले ४,३०० हे एका वार्षिक वाढीएवढेच. वरचे ६०० रुपये म्हणजे प्राध्यापकपद. महागाई भत्ता व घरभाडे त्या प्रमाणात वाढेल, हे खरे. तरी नवी मुंबईच्या पत्राची बरोबरी यातून होणार नाही, हे बाईंना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यांनी दुसरे पत्र दिले आहे. आपली संस्था या तक्त्याप्रमाणे पगार देत नसेल तर आकडे वेगळे असतील, पण दोन प्रश्न वेगळेच राहतील.

माझी विनंती अशी की अभिप्राय बढतीपुरता ठेवावा आणि त्यात बाहेरच्या पत्राचा उल्लेखही करू नये. व्यक्ती प्राध्यापकपदाला योग्य असेल तर दुसरीकडून पत्र आले नसतानाही योग्यच असते. पत्र आणणाऱ्याला वाढ आणि गप्प बसणाऱ्याला नुसती वार्षिक वाढ, ही रीत एकदा पडली की पुढच्या वर्षी निम्मा विभाग मुलाखती देत फिरतो. हे मी पाहिलेले आहे. वेतनवाढीचा विचार करताना व्यवस्थापनाने विभागातल्या इतरांचे पगार समोर ठेवावेत. पुष्कळदा असे दिसते की गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या सहायक प्राध्यापकाला बाजारभावाने घेतले आहे आणि दहा-बारा वर्षे संस्थेत असलेली व्यक्ती त्याच्या जवळपासच घुटमळते आहे. तसे असेल तर वाढ ही बाईंवरची मेहेरबानी ठरत नाही, जुनी विषमता दूर करणे ठरते, आणि ती त्याच शब्दांत मंजूर करावी. थेट मूळ वेतन वाढवणे जमत नसेल तर वैयक्तिक वेतन म्हणून वेगळी रक्कम देता येते, किंवा तासांचा भार कमी करून संशोधनासाठी निधी देता येतो. शिक्षकांना दुसरा पर्याय अनेकदा जास्त आवडतो, व्यवस्थापनाला मात्र तो सुचत नाही.

आणखी एक बारीक मुद्दा. बाईंचा अर्ज ज्या यूजीसीच्या 'करिअर अॅडव्हान्समेंट' योजनेखाली (सेवेतील प्रगतीची योजना) येतो तिच्यातली बढती त्या व्यक्तीपुरती असते. त्यासाठी प्राध्यापकाचे पद रिकामे असावे लागत नाही आणि ती व्यक्ती निवृत्त झाली की पद मूळ स्तरावर परत जाते. 'जागा कुठे आहे?' असा प्रश्न व्यवस्थापनाने विचारला तर हे दाखवून द्यावे.

विभागप्रमुख, पश्चिम उपनगर

तिघांचेही मनापासून आभार. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

जुन्या फायली काढून पाहिल्या. आमच्याकडे याआधी झालेल्या दोन बढत्यांत निबंध वाचल्याची कसलीही नोंद नाही. फक्त गुणांचा तक्ता आणि तिघांच्या सह्या आहेत. एका फायलीत शेवटच्या तीन वर्षांत एकट्याने लिहिलेला निबंध नाही. त्यामुळे 'स्वतःचा विचार' ही अट म्हणून अभिप्रायात येणार नाही, हे मी समितीत स्पष्ट केले. दुसऱ्या सदस्यांनी ते मान्य केले, फारसे आनंदाने नाही.

तरीही चारही निबंध आम्ही वाचले. ते मुंबई महानगर प्रदेशातल्या कुटुंबांच्या आरोग्यखर्चाच्या एकाच सर्वेक्षणावर आधारलेले आहेत. त्यांतल्या तीन निबंधांत नमुना आखणीचे प्रकरण आहे आणि ते बाईंच्या एकटीच्या जुन्या निबंधातल्या पद्धतीवर उभे आहे. चाळी, पुनर्विकासातल्या इमारती आणि झोपडपट्ट्या यांची यादीच धड नसताना कुटुंबे कशी निवडावीत, हा त्यांचा जुना विषय. तो संदर्भ दिसल्यावर आक्षेपाची धार बरीच बोथट झाली. चौथा निबंध मात्र आम्हा तिघांनाही कच्चा वाटला. नियतकालिकही प्राचार्य सरांनी वर्णन केले तसेच आहे. तो वगळला तरी तीन निबंधांची अट पूर्ण होते आणि संशोधन गुण ११३ राहतात.

प्रश्नपत्रिका पाहण्याची सूचना फार उपयोगी ठरली. एक प्रश्न येथे देतो. दोन कुटुंबांचा महिन्याचा खर्च दिला आहे, एक लालबागच्या चाळीतले आणि एक कांदिवलीतले, घरभाड्यासह आणि लोकलच्या पासासह. दोन्हींसाठी स्वतंत्र किंमत निर्देशांक काढायचा आणि महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरत असेल तर यांपैकी कोणाचे नुकसान होते ते दोन वाक्यांत लिहायचे. आधीच्या शिक्षकांच्या काळात याच जागी 'निर्देशांकाची सूत्रे लिहा व उपयोग सांगा' हा प्रश्न सलग येत असे. विद्यार्थ्यांच्या प्रतिसादातल्या मोकळ्या जागेत तक्रारी आहेत त्याही याच स्वरूपाच्या: 'पुस्तकातले विचारत नाहीत', 'पेपर लांब असतो'. पेपर लांब असतो हे खरे आहे आणि ते मी अभिप्रायात लिहिणार आहे.

पगाराचा मुद्दा मी पूर्णपणे वेगळा केला असून बाहेरचे पत्र बढतीच्या फायलीतून काढून व्यवस्थापनाकडे पाठवले आहे. विभागातले पगार समोर ठेवून पाहावे, एवढीच टिप्पणी सोबत जोडली.

एकच शंका उरते. सात निबंधांतील स्वतःच्या वाट्याचे टिपण बाईंकडून आता मागवावे का? कंत्राटी ते कायम यांचा आक्षेप लक्षात घेता ती नवी अट ठरेल, आणि न मागवावे तर बाहेरच्या तज्ज्ञांना नमुना आखणी कोणाची हे कळणार नाही.

कंत्राटी ते कायम

अट म्हणून मागू नका, संधी म्हणून द्या. पत्रात स्पष्ट लिहावे की हे टिपण ऐच्छिक आहे, ते न दिल्यास अर्जावर प्रतिकूल परिणाम होणार नाही आणि पात्रता आधीच मान्य झालेली आहे. आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला तसेच पत्र जाईल, असा ठराव विभागाच्या बैठकीत आधी करून घ्यावा. मग माझा आक्षेप राहत नाही.

निवृत्त प्राचार्य

वरील सूचना मला मान्य आहे. माझ्या पद्धतीपेक्षा ती सुरक्षित आहे. दोन व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या जोडतो. टिपणासाठी निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि पत्राची पोच घ्यावी. सहलेखकांना फोन करून 'खरे काम कोणी केले?' असे परस्पर विचारू नये, कारण तोंडी मिळालेली माहिती फायलीत लावता येत नाही आणि मनातून काढताही येत नाही. कोणाकडून खातरजमा करायचीच असेल तर बाईंच्या माहितीने, लेखी आणि सर्व सहलेखकांना एकाच मजकुराच्या पत्राने करावी.

चौथ्या निबंधाबद्दल आपण तिघांनी जे मत बनवले आहे तेही अभिप्रायात यावे. तो का वगळला याची दोन ओळींत कारणे द्यावीत आणि गुणांचा तक्ता ११३ असाच दुरुस्त करून जोडावा. निवड समितीतल्या एखाद्या तज्ज्ञाला तो निबंध खटकलाच तर विभागाने तो आधीच बाजूला ठेवला आहे हे त्यांना दिसेल, आणि चर्चा उरलेल्या तेरा निबंधांवर होईल.

अभिप्रायाची प्रत बाईंना द्यायची की नाही हे आपल्या नियमांत पाहावे. मनाई नसेल तर द्यावी.